काखेत कळसा कोणाच्या? पेण-रोह्याच्या मातीतून एका म्हणीचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात पेणला आम्हा कार्यकर्त्यांची एक बैठक होती. पेणचे होते, रोह्याचे होते, दोघे महाडहून आले होते. विषय भूमिहीनांचा. मी आणि आणखी दोघांनी तीन आठवडे जागून एक मसुदा लिहिला होता, चौदा पानांचा. शेती सरकारने ताब्यात घ्यावी, कसणाऱ्या कुटुंबांच्या गटांना जातपात न बघता द्यावी, अवजारं, बियाणं, पाणी सरकारने पुरवावं, मालक आणि कूळ हा भेदच उरू नये, असं बरंच काही त्यात होतं. मोठ्या उत्साहाने मी तो वाचून दाखवला. मनात होतं की असा विचार या जिल्ह्यात आम्हीच पहिल्यांदा मांडतोय.

कोपऱ्यात एक निवृत्त गुरुजी बसले होते. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "पोरांनो, चांगलं लिवलंय. पन हे बाबासाहेबांनी सत्तेचाळीस साली लिवून ठेवलंय. तुमी वाचलंव काय ते?"

खोली गप्प. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे नाव आम्ही तिघांनीही भाषणांत अनेकदा घेतलं होतं. उघडून कोणीच वाचलं नव्हतं. गुरुजी हसून एवढंच म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा."

ती म्हण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिचा अर्थ शोधायला लागलो आणि शोधता शोधता आपल्या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा इतिहास हाताला लागला. तोच इथे मांडतोय.

जे काम आधीच कोणी करून ठेवलंय ते पुन्हा नव्याने करत बसण्याला आजकाल 'चाकाचा पुन्हा शोध लावणं' म्हणतात. हा इंग्रजीतून आलेला वाक्प्रचार आहे, ऑफिसातल्या मीटिंगांमधून आपल्या तोंडात बसलाय. पंडितांकडे यासाठी जुना शब्द आहे, पिष्टपेषण. म्हणजे दळलेलं पीठ पुन्हा दळणं. गंमत बघा, ज्यांनी आयुष्यात जात्याचा खुंटा धरला नाही त्यांनी हा शब्द घडवला. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला हा विनोद सुचला नसता. पीठ दोनदा दळायला तिच्याकडे वेळ कुठे होता?

काखेतला कळसा ही म्हण मात्र घराघरातली आहे. पाण्याचं भांडं स्वतःच्याच काखेत आहे, पण बाई विसरली आणि सगळं गाव धुंडाळत फिरली. अर्थ सरळ आहे, जवळ असलेली गोष्ट बाहेर शोधणं. शाळेत आपण सगळे हाच अर्थ लिहून मार्क मिळवत आलो.

आता हीच म्हण आपल्या वाड्यात उभं राहून वाचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काखेतही कळसा होता, रिकामा. तळं गावात होतं, विहीर गावात होती. तरी ती बाई गावाला वळसा घालत होती. विसरली म्हणून नव्हे, वाट बंद होती म्हणून. विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल याची वाट बघायची. कोणी नाहीच ओतलं तर नदीच्या खालच्या अंगाला जायचं, डबकं शोधायचं. तिला पाणी कुठे आहे हे गावातल्या कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

म्हणजे वळसे दोन प्रकारचे आहेत. एक विसराळूपणाचा, दुसरा अडवणुकीचा. माझं म्हणणं असं की आपल्या इतिहासात उपाय पुन्हा पुन्हा 'नव्याने' शोधले गेले ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतात. उपाय माहीत होता, लिहून ठेवलेला होता, सभागृहात मांडलेला होता. तो अडवला गेला. मग काही वर्षांनी दुसऱ्या कोणी तरी तोच उपाय पातळ करून, नवं नाव देऊन आणला आणि त्याचे हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतले.

महाडपासून सुरुवात करू. आजचा रायगड जिल्हा म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा. पेण, रोहा, महाड हे एकाच जिल्ह्याचे तालुके. महाडचा सत्याग्रह म्हटला की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. पण चवदार तळ्याचं पाणी कागदावर त्याआधीच खुलं झालेलं होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

पाणी मिळालं का? नाही. म्हणून १९२६ साली बोल्यांना पुन्हा कायदेमंडळात उभं राहावं लागलं. या वेळचा ठराव असा, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं. तीन वर्षांत एकाच गोष्टीसाठी दोन ठराव! बोले चुकले होते का, दळलेलं दळत होते का? नाही. पहिल्या ठरावाला दात नव्हते, म्हणून दुसऱ्याला दात बसवायची वेळ आली.

बाबासाहेबांनी महाडला काय केलं ते आता या उजेडात बघा. तिसरा ठराव मागितला नाही, नवी समिती मागितली नाही. परिषद भरवली आणि दुसऱ्या दिवशी हजारो माणसं शांतपणे तळ्यावर नेली. ओंजळीने पाणी प्यायलं. जो हक्क कागदावर होता तो वापरला, बस. महाडचं मोठेपण मला यातच दिसतं. नवा उपाय शोधण्यापेक्षा असलेला उपाय अमलात आणणं हे जास्त क्रांतिकारक असू शकतं. सनातन्यांना ते बरोबर कळलं. नंतर त्यांनी १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळ्याची 'शुद्धी' केली. घागरी त्यांच्याकडेही होत्याच. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख बघा, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच दिवशी.

डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा निकाल मुंबई हायकोर्टाकडून लागला तो १७ मार्च १९३७ ला. १९२३ ते १९३७, चौदा वर्षं. त्यानंतर १९५० ला संविधानाचं कलम १७, १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, १९७६ ला त्याचाच सुधारित नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१५ ला त्यात दुरुस्ती. कोणी म्हणेल, किती वेळा तेच चाक! पण या प्रत्येक कायद्याच्या मागे आधीचा कायदा न पाळणारी यंत्रणा उभी आहे. पुनरावृत्तीचा दोष मागणाऱ्याच्या माथी मारायचा की नाकारणाऱ्याच्या, हे ठरवल्याशिवाय म्हणीचा अर्थ सांगता येत नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण पेण-रोह्याचा खरा प्रश्न तोच. कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्या मधला दलाल. सारा तो गोळा करायचा, पण वागायचा मालकासारखा. पिकातला मोठा वाटा मक्त्यात जायचा, वर वेठबिगार, सणावाराला भेटी, खोताच्या घरची कामं. खाडीकाठच्या खारजमिनीत तर समुद्राचं पाणी अडवणारे बांध कुळांनी आपल्या हातांनी राखायचे आणि भात दुसऱ्याच्या कणगीत. आगरी, कुणबी, महार, सगळे या एकाच चरकात. आपल्याकडे ज्यांना लोकमान्य म्हणतात त्या टिळकांनी खोतांची बाजू 'केसरी'तून हिरिरीने मांडली होती, हेही विसरू नका.

याविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. शेतं पडीक ठेवली, भात पिकवलं नाही, लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं जगली. एक वर्ष नव्हे, १९३९ पर्यंत. शेतकऱ्यांनी इतका लांब ताणलेला दुसरा संप या देशात सापडणं कठीण. १९३४ साली बाबासाहेब स्वतः चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. आगरी-कुणबी कूळ आणि महार कूळ एका मांडवात बसले. आपल्याकडे 'बहुजन ऐक्य' या विषयावर दर सहा महिन्यांनी नवं चर्चासत्र होतं. त्यातल्या किती वक्त्यांना चरी ठाऊक असतं?

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यात तीन गोष्टी होत्या. खोती पद्धत रद्द करायची. खोताला वाजवी मोबदला द्यायचा. आणि प्रत्यक्ष जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्या कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखालचा थेट खातेदार करायचं. किती साधं! रक्तपात नाही, जप्ती नाही, मोबदला ठेवलेला. १० जानेवारी १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. कोकणातून माणसं बोटींनी, पायी आली. सरकार काँग्रेसचं होतं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. विधेयक मंजूर झालं नाही.

मग १९४९ ला खोती नष्ट करणारा कायदा झाला, त्याच वाटेने जाणारा. बारा वर्षं उशीर. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिनही आला. ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर होतं त्याला जमीन मिळाली. पण तोंडी बोलीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या महार-कातकऱ्यांचं नाव कागदावर लावलं कोणी होतं? मधल्या बारा वर्षांत किती नावं पुसली गेली असतील याचा हिशोब कोणत्याही दफ्तरात नाही. उपाय उशिरा आला की तो तोच उपाय राहत नाही, हे आपल्या जिल्ह्याने सोसलंय.

आणि आता गागोदे. पेण तालुक्यातलं हे छोटं गाव, इथे ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भाव्यांचा जन्म झाला. गावात गेलात तर लोक अभिमानाने सांगतात. विनोबांच्या वैयक्तिक साधेपणाविषयी मला शंका नाही. तेरा वर्षं देशभर पायी फिरणं ही खायची गोष्ट नाही. माझा वाद त्यांनी देशाला दिलेल्या उपायाशी आहे.

१८ एप्रिल १९५१. तेलंगणातलं पोचमपल्ली. कुळांचा आणि शेतमजुरांचा सशस्त्र लढा त्या भागात पेटलेला होता. विनोबांनी गावातल्या दलितांना विचारलं, काय हवं? त्यांनी ८० एकर जमीन मागितली. सभेतल्या एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. भूदान जन्मलं. देशभर वाहवा झाली, परदेशी पत्रकार आले. जमिनीच्या प्रश्नावर भारताने जगाला नवा मार्ग दाखवला, असं लिहिलं गेलं.

नवा मार्ग? चार वर्षांआधी, १९४७ साली, बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांच्या गटांना जातधर्माचा भेद न करता सामुदायिक कसण्यासाठी द्यावी, ज्यायोगे ना जमीनदार राहील, ना कूळ, ना भूमिहीन मजूर, असं स्पष्ट मांडलं होतं. आणि त्याच्याही दहा वर्षं आधीचं खोतीचं विधेयक विनोबांच्या स्वतःच्या जन्मजिल्ह्यासाठी होतं. गागोद्याचा माणूस जमिनीचा प्रश्न सोडवायला सगळा देश पालथा घालतो आणि कुलाबा जिल्ह्याच्या काखेतला कळसा त्याला दिसत नाही!

दोन्ही उपायांतला फरक बारकाईने बघा. विधेयकात कसणारा हक्कदार होता. भूदानात तो याचक झाला. विधेयकात जमीन का द्यायची याचं उत्तर कायद्यात होतं, भूदानात ते जमीनदाराच्या हृदयात होतं. हृदयावर अपील करता येत नाही, कोर्टात नेता येत नाही, त्याचा फेरफार निघत नाही. पाच कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं होतं, दान पन्नास लाख एकरांच्या आतच थांबलं. त्यातलीही बरीच जमीन खडकाळ, वादातली, नुसती कागदावरची. पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही.

म्हणून मी याला विसराळूपणा म्हणायला तयार नाही. जुना उपाय अंगाशी येणारा होता. त्यात सत्ता बदलत होती. नवा उपाय सोयीचा होता, कारण त्यात देणाऱ्याचा हात वरच राहत होता. चाक पुन्हा शोधलं जातं ते पुष्कळदा अशासाठी की जुनं चाक खरोखर फिरलं असतं.

दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखलं होतं. १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचे सत्याग्रह केले. दुसऱ्या वेळी देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. दान नको, पडीक आणि सरकारी जमीन हक्काने द्या, ही मागणी होती. शाळेच्या पुस्तकात भूदानाचा धडा असतो. हा सत्याग्रह कोणत्या पानावर आहे?

इथपर्यंत दुसऱ्यांवर बोललो. आता आपल्या घरात येऊ, कारण पहिल्या प्रकारचा वळसा, विसराळूपणाचा, तो आपलाच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. त्यानंतर किती गट झाले, मोजायला बसलो तर चहा थंड होईल. प्रत्येक गटाचा नवा जाहीरनामा. लेटरहेड आधी छापायचं, वाचन नंतर. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्षाचा कार्यक्रम कोणी समोर ठेवून त्यावर पुढे काम केलंय? खोती विधेयक बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापलेलं आहे. तो खंड आपल्यातल्या अनेकांच्या घरी काचेच्या कपाटात आहे, त्याला हारही घातलेला असतो. मीही यातलाच. चौदा पानं लिहायला तीन आठवडे घालवले, ती पानं वाचायला एक रविवार पुरला असता.

यावर काही तरुण मित्र म्हणतात, मग काय जुनंच गिरवत बसायचं? तसं नाही. पेणचे मूर्तिकार बघा. दर वर्षी लाखो मूर्ती बनतात त्या साच्यातून. कोणी दर वर्षी मातीच्या गोळ्यापासून नाकडोळे नव्याने कल्पत बसत नाही. पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीची हाताने होते आणि पेणचं नाव झालं ते त्या आखणीमुळे. मूर्तिपूजेचं आपल्याला काही देणंघेणं नाही, मी कारागिराच्या अकलेविषयी बोलतोय. साचा वापरण्यात कमीपणा नसतो.

बाबासाहेबांनी नेमकं हेच केलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर त्यांना नवा धर्म काढणं अशक्य होतं का? कोट्यवधी माणसं मागे होती. त्यांनी वीसेक वर्षं अभ्यास केला आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचा धम्म निवडला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. चाक तेच, बुद्धाचं. ते पुन्हा गतिमान केलं. पण जसंच्या तसं घेतलं नाही. बावीस प्रतिज्ञा जोडल्या, कर्म आणि पुनर्जन्माच्या जुन्या अर्थाची चिकित्सा करून 'द बुद्धा अँड हिज धम्म' लिहिला. चाक जुनं, आस नवा.

आजचं पेण बघायचं तर हेटवणे धरण बघा. धरण तालुक्यात, त्याचं पाणी नळाने नवी मुंबईला जातं आणि वाशी-शिर्कीच्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. यावर योजनांमागून योजना जाहीर होतात. धरणाकडे मात्र बोट दाखवायचं नाही. म्हण इथे शब्दशः खरी झाली आहे, अगदी कळशासकट. वीटभट्टीवर उचल घेऊन वर्षानुवर्षं अडकलेल्या कातकरी कुटुंबांचं पुन्हा पुन्हा 'सर्वेक्षण' होतं. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे, वनहक्क कायदा २००६ चा. सर्वेक्षणाऐवजी तहसीलदाराने त्यांतलं एक कलम वापरलं तरी त्या घरांचं भागेल. २००८ च्या सप्टेंबरात सेझविरुद्ध पेणच्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं, तेव्हा लढणाऱ्या शेतकऱ्यांपाशी चरीची आठवण होती. आठवण असली की माणूस लवकर उभा राहतो, हे तेव्हा दिसलं.

त्या बैठकीचं पुढे काय झालं ते सांगतो. आमचा मसुदा गुरुजींनी फाडू दिला नाही. म्हणाले, मागची बाजू कोरी हाय, तिच्यावर लिवा. रोह्याच्या एका मुलीने तिच्या वाडीतल्या जमिनीचा सातबारा मोबाइलवर काढून दाखवला. कसणारे तीन पिढ्या तेच आहेत, कब्जेदार म्हणून नाव दुसऱ्याचं. १९५७ च्या आसपासचे फेरफार काढायचे ठरले, कारण नाव कधी आणि कोणत्या नोंदीने गेलं हे तिथेच सापडेल. खर्चाला प्रत्येकी पन्नास रुपये जमा केले. आतापर्यंत अकरा फेरफारांच्या नकला हातात आल्या आहेत, दोन मोडीत आहेत. मोडी वाचणारं कोणी पेण, रोहा किंवा महाडकडे असेल तर कळवा. पुढची बैठक रविवारी आहे, येताना दुसरा खंड कपाटातून काढून सोबत आणा.

जय भीम.